पाऊण गोधडी

आमच्याकडे पाणी येतं पहाटे पाच-दहाला,
सहाला जातं.
निळं पिंप भरायला बावीस मिनिटं, वरच्या टाकीला सोळा.
तेवढ्यात माझा दोन हात धावदोरा होतो.
हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटापर्यंत.
नळ खाकरला
की दोरा तोडायचा.

मुंबईत गोधडी कुणाला हवीय, नवरा विचारतो.
खरंच आहे त्याचं.
भांडुपला थंडी येते अडीच दिवस,
दारातूनच विचारपूस करते
आणि चहासुद्धा न घेता निघते.

तरी दर दुसऱ्या शनिवारी, मीटरच्या खोलीशेजारी,
कॅरम बोर्ड भिंतीला टेकवून,
आम्ही बसतो सोसायटीच्या ऑफिसात.
इंदुमती राणेचा तीन वर्षांत एक अभ्रा झाला,
तोही सासूबाईंच्या डायलिसिसच्या खुर्चीपाशी.
"तिथे काय गं, वेळच वेळ," म्हणाली,
आणि सुईत दोरा ओवायला लागली,
ओवतच राहिली.

फिलोमिना डाबरेकडे अकरा आहेत.
अकराही वरून सुंदर, एकालाही अस्तर नाही.
अस्तराचं कापड आणायला ती मंगलदास मार्केटात जाते
आणि बाराव्याचे तुकडे घेऊन येते.

पुऱ्या करतात ते फक्त तांडेलकाका.
फायर ब्रिगेडमधून रिटायर, घरी एकटे,
टाका असा की मुंग्यांनी रांग शिकावी.
गेल्या वर्षी सात.
"त्यांना काय, वेळ आहे," असं आम्ही म्हणतो,
ते यायच्या आत.
मुलीला दोन, पुतण्यांना तीन, एक वॉचमनला,
एक वॉचमनच्या भावाला, गोंड्याला.
परवा आले ते आठवी घेऊन. पुरी झालेली, चारी कोपरे बंद.
मांडीवर पसरली, चष्मा लावला
आणि ब्लेडने एकेक टाका उसवायला बसले.
आम्ही कुणी काही विचारलं नाही.
फिलोमिनाने उसवलेला दोरा
रिळाला गुंडाळून दिला.

माझी म्हणाल तर एकच.
भाचीच्या बारशाला द्यायची होती.
बारसं झालं, मग म्हटलं उष्टावण,
मग म्हटलं पहिला वाढदिवस.
आता शर्विली दुसरीत आहे, पाढे बाराचे.
दुपट्याएवढी होती, दर वर्षी एक किनार लावत गेले,
मूल पुढे, मी मागे.
एक किनार नवऱ्याच्या शर्टांची.
कॉलरखाली ऊन पोचलं नव्हतं,
तिथला निळा अजून दुकानातला निळा आहे.
एक माझ्या बँकेच्या साडीची, शाईच्या डागासकट.
बँकेत मी दिवसभर दुसऱ्यांची खाती मिळवते.
हिची बाकी मात्र पुढे ओढत आणलीय, सात वर्षं.

जानेवारीत ते अडीच दिवस आले
तेव्हा शर्विली आमच्याकडे होती.
कपाटावरून तिनेच ओढून काढली.
"थांब, सुई आहे त्यात!"
सुई सापडली, टाचण्या काढल्या, मोजल्या.
एक टाचणी कमी.
पुन्हा मोजल्या. बरोबर होत्या.
तोवर ती झोपलीसुद्धा,
एक पाय शिवलेल्या बाजूला,
दुसरा नुसत्या टाचलेल्या.

पाच-दहाला नळ सोडला
आणि तिच्या पायाशी बसले.
उरलेली बाजू तिच्या अंगावरच होती.
पाय हलला की थांबायचं,
पायजमा टाक्यात येत नाही ना, बोटाने चाचपायचं,
पुढचा टाका.
किती हात झाले, मोजले नाहीत.

मोरीतून पाणी आलं ते थेट माझ्या टाचेशी.
पिंप केव्हाचं भरून वाहत होतं.
आतून नवरा ओरडला, नळ, नळ!
दोरा अजून वीतभर होता.
तेवढा संपवला
आणि मग उठले.